स्थानिकांना शिकवायचं की बाहेरून आणायचं? आधी ‘स्थानिक’ कोण ते ठरवा

समजा, तुमच्या सिनॉप्सिसचं शीर्षक आहे ‘लातूरचा रेल्वे डबे कारखाना आणि स्थानिक रोजगार’. विषय आपल्या जिव्हाळ्याचा. हरंगुळच्या या कारखान्याचं भूमिपूजन 2018 मध्ये झालं, डिसेंबर 2020 मध्ये पहिल्या डब्याचा सांगाडा तयार झाला. 2023 मध्ये 120 वंदे भारत स्लीपर गाड्यांचा करार झाला, तो रेल विकास निगम आणि रशियाची ट्रान्समॅशहोल्डिंग यांच्या भागीदारीतल्या कंपनीशी. भागीदार परदेशी, जमीन आपली. मग नोकऱ्या कुणाच्या? प्रश्न बरोबर आहे, पण असाच लिहून नेलात तर गाइड परत पाठवतील.

का, ते अमेरिकेच्या उदाहरणावरून बघू. तिथे हाच वाद एच-वन-बी व्हिसावर चालतो, आणि त्यात ‘बाहेरचे’ म्हणजे बहुतांशी आपणच. 1998 च्या कायद्याने कंपन्यांवर व्हिसामागे जादा फी लावली. हेतू असा की त्या पैशातून अमेरिकन लोकांना प्रशिक्षण आणि शिष्यवृत्त्या मिळाव्यात. म्हणजे ‘शिकवा’ आणि ‘आणा’ ही दोन्ही कामं एकाच कायद्यात.

आता गंमत बघा. डोरन, गेल्बर आणि आयझेन यांनी व्हिसाची लॉटरी लागलेल्या आणि न लागलेल्या कंपन्यांची तुलना केली. लॉटरी चिठ्ठीवर असते, त्यामुळे दोन्ही गट मुळात सारखेच. त्यांना दिसलं की व्हिसा मिळाल्याने कंपनीतली एकूण माणसं फारशी वाढत नाहीत. बाहेरचा आला की दुसऱ्या कुणाची तरी जागा जाते. उलट पेरी, शी आणि स्पार्बर यांनी 219 शहरांचा 1990 ते 2010 चा अभ्यास केला. त्यांच्या मते परदेशी तंत्रज्ञ जिथे वाढले तिथे पदवीधर अमेरिकनांचे पगारही वाढले.

खोटं कोण बोलतंय? कुणीच नाही. पहिल्यांनी कंपनी मोजली, दुसऱ्यांनी शहर. कंपनीबाहेर जे घडतं, म्हणजे नवे ग्राहक, शेजारचे धंदे, ते पहिल्या पद्धतीत दिसतच नाही. दुसऱ्या पद्धतीत वेगळी अडचण आहे: माणसं भरभराटीच्या शहरातच जातात, मग भरभराट कुणामुळे झाली हे सुटं करणं अवघड. (त्यासाठी त्यांनी परदेशी लोक 1980 मध्ये कुठे राहत होते याचा आधार घेतला. ही युक्ती वाचाच, पुढे कामी येते.)

परत लातूरला या. पहिला खड्डा ‘स्थानिक’ या शब्दातच आहे. राज्य सरकारच्या जुन्या धोरणात उद्योगांनी 80 टक्के स्थानिक घ्यावेत असं आहे, आणि स्थानिक म्हणजे महाराष्ट्रात 15 वर्षं राहिलेला. रेल्वे केंद्राची, तो भाग वेगळा. पण ही व्याख्या घेतलीत तर पुण्याचा इंजिनिअरही लातुरात ‘स्थानिक’ ठरतो आणि तुमचे आकडे छान दिसतात. औसा-निलंग्याच्या पोराला मात्र त्यातून काय मिळालं ते कळत नाही. तालुका, जिल्हा, राज्य असे तिन्ही आकडे वेगळे काढा. कंत्राटी कामगार सोडू नका, कारण कारखान्याच्या हजेरीत ते बऱ्याचदा नसतात.

दुसरा खड्डा वेळेचा. बाहेरचा वेल्डर आठवड्यात येतो. आयटीआयचा वेल्डर घडायला एक वर्ष, फिटरला दोन. करार 2023 चा असेल तर त्या वर्षी प्रवेश घेतलेला फिटर 2025 मध्ये बाहेर पडणार. त्याआधी सर्व्हे करून ‘स्थानिकांना डावललं’ असा निष्कर्ष काढला तर तो घाईचा. डावललं नाही असंही त्यातून सिद्ध होत नाही, हेही लक्षात ठेवा.

मग तुलना कुणाशी? मला नांदेड सुचतं. विद्यापीठ तेच, पट्टा तोच, हा कारखाना मात्र नाही. आयटीआयच्या 2022 आणि 2024 च्या बॅचेस दोन्ही जिल्ह्यांत घ्या आणि पास झाल्यावर पोरं कुठे गेली ते बघा. फक्त नांदेडच्या प्रश्नावलीत एक ओळ आठवणीने घाला: ‘लातूरला कामाला गेलात का?’ कारण नांदेडची पोरं हरंगुळला लागली असतील, तर तुमचा तुलनेचा गट कोराच राहिलेला नसतो.