हात उगारत नाही, म्हणून काय झाले?

"मी तिला आजवर बोटही लावलेले नाही." चळवळीतला एक तरुण कार्यकर्ता तासाभरात हे वाक्य आमच्यापुढे चार वेळा बोलला. जिच्याशी त्याचे लग्न ठरत आले होते, त्या मुलीने नकार दिला होता. तिच्या मोबाईलचा पासवर्ड याच्याकडे. मैत्रिणीकडे गेली तर तिथला फोटो पाठवायचा. दोनदा फोन उचलला नाही, तर तिसरा फोन तिच्या भावाला! याच्या लेखी हे सारे प्रेमच होते.

आम्ही घरची विचारपूस केली. बाप पगाराच्या दिवशी पिऊन यायचा आणि आईला मारायचा. आठ वर्षांचा हा पोरगा गल्लीतल्या चपलांच्या आवाजावरून आजची रात्र कशी जाणार ते ओळखायचा. आवाज अडखळता असला की लाटणे, पाटा-वरवंटा पलंगाखाली सरकवायचा. बापासारखा होणार नाही, अशी शपथ त्याने तेव्हाच घेतली होती. ती त्याने पाळली, असेच त्याला वाटते.

ज्या घरात पुढच्या घटकेचा भरवसा नसतो, तिथले मूल पाळत ठेवायला शिकते. लहानपणी या पाळतीने जीव वाचतो. मोठेपणी तीच प्रेयसीवर रोखली जाते. मार पाहिलेला प्रत्येक मुलगा असा होत नाही, हेही खरे. याचाच सख्खा धाकटा भाऊ बायकोला नोकरीच्या गावी एकटी पाठवून निर्धास्त झोपतो. तेव्हा सगळा दोष बापावर टाकून सुटता येणार नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत स्त्रियांना केवळ मारहाणीबद्दल विचारत नाहीत. नवरा मैत्रिणींना भेटू देतो का, माहेरच्यांशी संबंध तोडतो का, कुठे आहेस म्हणून सतत विचारतो का, पैशाबाबत विश्वास ठेवतो का, हेही विचारतात. २०१९-२१ च्या पाहणीत देशातल्या १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचे सांगितले. ज्यांनी लहानपणी बापाला आईवर हात टाकताना पाहिले, त्यांच्यात हे प्रमाण बरेच जास्त आहे. म्हणजे मुलगा पाळत शिकतो आणि मुलगी ती सोसायला शिकते!

आमच्या वस्तीत यावर बोलायचे म्हटले की कुणीतरी हमखास म्हणतो, घरातले बाहेर काढू नका, मनुवाद्यांच्या हाती आयते कोलीत मिळेल. आम्हाला हे मान्य नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना सांगितले, की पत्नीने पतीची मैत्रीण व्हावे, दासी होण्यास नकार द्यावा. ते भरसभेत, उघडपणे सांगितले. बेबीताई कांबळे यांनी 'जिणं आमुचं' कित्येक वर्षे नवऱ्यापासून लपवून लिहिले, आणि त्याच पुस्तकात आपल्या आईला घराबाहेर न पडू देणाऱ्या वडिलांबद्दलही लिहिले. त्यांच्या लिहिण्याने चळवळ लहान झाली काय?

कायद्याचा आधार आहे, पण अपुरा. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झालेल्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्यात मानसिक व आर्थिक छळही येतो. लग्नासारख्या नात्यात एका घरात राहणाऱ्या स्त्रीलाही संरक्षण आहे. मात्र वेगळ्या घरात राहणारी प्रेयसी त्यात बसत नाही. तिच्यासाठी उरतो तो तिचा स्वतःचा नकार. या मुलीने तो दिला, आणि आम्ही तिची समजूत घालायला गेलो नाही, याबद्दल तो तरुण आमच्यावर रागावला.

त्याला आम्ही सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक दिला. तो घडी घालून खिशात ठेवताना आम्ही विचारले, "उद्या दुसऱ्या कुणी मुलीने पासवर्ड दिलाच नाही, तर काय करशील?"

बराच वेळ तो गप्प होता. मग म्हणाला, "झोप लागणार नाही."

रविवारी तो पुन्हा येणार आहे.