चंद्र आपल्याकडे आधी उगवतो

संकष्टीच्या दिवशी आमच्या बिदरच्या घरात रात्री आठनंतर सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या कॅलेंडरकडे. आजी दिवसभर साबुदाण्यावर, आणि तिची साखरेची गोळी जेवणाशी बांधलेली. एकदा मी गच्चीवर कपडे काढायला गेले तर चंद्र केव्हाच वर आलेला. कॅलेंडरप्रमाणे मात्र अजून पंधरा मिनिटे बाकी! कॅलेंडर नीट वाचले तेव्हा कळले, तिथे छापलेली वेळ मुंबईची होती.

हिशोब सोपा आहे. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. मुंबई सुमारे 72.9 पूर्व रेखांशावर, बिदर 77.5 वर. म्हणजे सूर्य-चंद्र आपल्याकडे साधारण अठरा मिनिटे आधी उगवतात, कलबुर्गीत सोळा. ऋतूप्रमाणे मिनिट-दोन मिनिटे इकडे-तिकडे.

पण पंचांगातली प्रत्येक वेळ अशी सरकवायची नसते, आणि इथेच आपली गडबड होते. तिथी म्हणजे चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे जाण्याचा काळ. ती आकाशातली घटना. दशमी सकाळी 6.20 ला संपली, तर ती मुंबईत आणि भालकीत त्याच क्षणी संपते. फरक सूर्योदयाचा. समजा त्या दिवशी बिदरला सूर्य 6.10 ला उगवला आणि मुंबईला 6.28 ला. आपल्याकडे सूर्योदयाला दशमी, तिकडे एकादशी! ठाण्याच्या आत्याचा उपवास आज आणि आपला उद्या असे क्वचित होते ते यामुळे. यात कुणाचेच पंचांग चुकलेले नसते.

राहुकाळ हा आमच्या शेजारच्या कन्नड काकूंचा प्रांत. आमच्या घरात पूर्वी तो फारसा कुणी पाहत नसे. आता गृहप्रवेशाला दोन्ही घरे एकत्र बसतात, तेव्हा पाहावाच लागतो. सूर्योदय ते सूर्यास्त याचे आठ सारखे भाग करायचे. सोमवारी दुसरा, शनिवारी तिसरा, शुक्रवारी चौथा, बुधवारी पाचवा, गुरुवारी सहावा, मंगळवारी सातवा आणि रविवारी आठवा भाग राहुकाळाचा. ‘सोमवारी साडेसात ते नऊ’ हे पाठांतर सहाला उजाडून सहाला मावळणाऱ्या दिवसापुरतेच खरे. बिदरला डिसेंबरात हा भाग सुमारे 83 मिनिटांचा असतो, जूनमध्ये जवळपास 99. राहुकाळ मानायचा की नाही हा ज्याचा त्याचा प्रश्न. मी स्वतः मानत नाही. पण मानायचाच तर आपल्या गावाचा माना, मोबाईलमध्ये गाव बदलायला किती वेळ लागतो?

बाकी भांडायला फारसे काही नाही. शालिवाहन शक दोघांचा एकच, महिने अमावास्येला संपणारे, आणि आपला पाडवा तोच त्यांचा उगादी.

आता आजी संकष्टीला गच्चीवरच खुर्ची टाकून बसते. चंद्र दिसला की अर्घ्य, नैवेद्य, जेवण. हात धुतल्यावर आत्याला फोन लावून विचारते, “काय गं, तुझा उगवला का?”