माथेरानचे इंजिन आणि आपल्या कारागिराचा नमुना

महाड-पोलादपूरच्या वर्कशॉपमध्ये कामाला तोटा नाही. ट्रकचा शाफ्ट, पंपाचे बुश, खिडकीची ग्रिल, दिवसभर लेथ आणि वेल्डिंग चालू असते. पण नवा गिऱ्हाईक विचारतो, "तुमच्या हातचे काही दाखवा," तेव्हा दाखवायला काही नसते. केलेले काम ज्याचे तो घेऊन गेलेला असतो. आम्हा कापडवाल्यांना नमुन्याचे पुस्तक उघडल्याशिवाय ऑर्डर मिळत नाही. नमुना नसलेल्या कारागिराला लोक दुरुस्तीवाला समजतात आणि मजुरीही दुरुस्तीचीच देतात.

नमुना कशाचा करावा? उत्तर आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे. नेरळ-माथेरान रेल्वे अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी बांधली. काम १९०४ साली सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावली. सुमारे १६ लाखांचा खर्च त्यांचे वडील सर आदमजी पीरभॉय यांनी उचलला. जर्मनीच्या ओरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची चार वाफेची इंजिने त्या घाटात चालली. रुळांतले अंतर अवघे २ फूट आणि चढ २० फुटांना १ फूट. हेच सहा चाकांचे इंजिन लहान आकारात, तयार सुटे भाग न घेता, पत्र्या-सळईपासून घडवावे.

प्रमाण एकास दहा धरले तर हिशेब सोपा. रुळांतले ६१० मिलिमीटर अंतर ६१ होते. समोरून घेतलेल्या फोटोत रूळ दिसतात, त्यावरून इंजिनाची रुंदी आणि धुरांड्याची उंची काढावी. मग तीच उंची बाजूच्या फोटोत धरून लांबी काढावी. आधी पुठ्ठ्याचा ढाचा करून नजरेखालून घालावा. पुठ्ठा वाया गेला तर नुकसान नाही, पितळ वाया गेले तर आहे.

सांगाड्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या एकत्र आवळून एकाच वेळी भोके पाडावीत, म्हणजे आस तिरके बसत नाहीत. चाके जोडणाऱ्या दांड्यांच्या भोकांतले अंतर आसांच्या अंतराएवढेच हवे. केसभर फरक पडला तरी चाक अडते. दोन्ही बाजूंच्या क्रँकमध्ये काटकोन ठेवावा, नाहीतर इंजिन एखाद्या जागी थांबले की हलणार नाही. लक्षात ठेवा, इथली १ मिलिमीटरची चूक म्हणजे खऱ्या इंजिनात १ सेंटिमीटरची चूक. कापडात शिवणीला इंचभर जास्त ठेवता येते, लोखंडात ती सोय नाही.

एक इशारा. बॉयलरमध्ये वाफ कोंडण्याचा प्रयोग जाणकाराशिवाय कोणी करू नये. फुटला तर जीव जाईल. टायरमध्ये हवा भरण्याचा कॉम्प्रेसर दुकानात असतोच. त्याच्या कमी दाबाच्या हवेवरही पिस्टन सुरेख चालतो.

असे नमुने विकून घर चालेल, असे मी म्हणत नाही. पण छोट्या रेल्वेलाही कदर आहे. पुण्यात कोथरूडला भाऊसाहेब जोशी यांचे लहान रेल्वेचे संग्रहालय १९९८ साली सुरू झाले, आणि लोक तिकीट काढून ते पाहतात. आपला फायदा वेगळा आहे. दुकानाच्या काउंटरवर असे इंजिन चालताना पाहिलेला कारखानदार बारीक मापाचे काम घेऊन येईल. ते काम बनवताना शागीर्द जे शिकेल, ते शंभर ग्रिल जोडून शिकणार नाही. आठवड्याला दोन तास दिले तरी पुरे.

कुरआनात सूरह सबामध्ये हजरत दाऊद (अलै.) यांना चिलखताच्या कड्या बरोबर मापात घडवण्याचा हुकूम आला आहे. मापात चोख राहणे ही आपल्या कारागिरांची अमानत आहे. उस्तादांनी शागीर्दांना ती हातात देऊन शिकवावी. आजच्या मुलाला नुसते वेल्डिंग येऊन चालणार नाही. इन्शाअल्लाह, महाडच्या एखाद्या दुकानात हे इंजिन लवकरच पाहायला मिळेल.