आधी खडक, मग बाजार

‘व्हिंटेज स्टोरी’ या जगण्याच्या खेळात नवखा खेळाडू पडक्या अवशेषांतले तडा गेलेले रांजण फोडत हिंडतो. खरा ठेवा मात्र पायाखालच्या खडकात असतो. जमिनीवर तांब्याचे खडे विखुरलेले दिसले, की तिथेच खाली खणावे. चुनखडी किंवा खडूचा दगड दळून चुना मिळतो आणि चुन्याच्या पाण्यात भिजवलेले कातडे पुढे कमावता येते. कुणी म्हणेल, एवढी खटपट कशाला, व्यापारी आहेच की! पण त्याच्याकडचा माल मोजका, आणि चलन म्हणजे गंजलेली दातेरी चाके. ती अवशेषांत सापडतात खरी, पण नशिबावर. शिवाय प्रत्येक व्यापारी ठरावीक वस्तूच विकत घेतो. म्हणून नव्या खेळाडूने घर बांधण्याआधी भोवतालचे खडक नीट पाहून घ्यावेत.