मुठीतली विद्या

मॉरिस फ्रँक १९२८ साली अमेरिकेहून बोटीने युरोपला गेला, तेव्हा बोटीवरच्या लोकांनी त्याला जवळपास पार्सलासारखं सांभाळलं. विशीतला हा आंधळा तरुण नॅशव्हिलचा. परतताना त्याच्या डाव्या हाताशी बडी नावाची जर्मन शेफर्ड कुत्री होती. न्यूयॉर्कच्या वेस्ट स्ट्रीटवर, वार्ताहरांच्या डोळ्यांदेखत, तिने त्याला भरधाव वाहनांमधून पलीकडे नेलं. फ्रँकने स्वित्झर्लंडला एका शब्दाची तार केली: यश.

तार पोचली ती डोरोथी यूस्टिस यांना. या मूळच्या अमेरिकन बाई व्हव्हेजवळच्या डोंगरावर जर्मन शेफर्ड कुत्री पैदास करून पोलिस आणि लष्करासाठी तयार करत. पण वाटाड्या कुत्रा ही कल्पना त्यांची नव्हे. महायुद्धात डोळे गमावलेल्या सैनिकांसाठी डॉ. गेरहार्ड श्टालिंग यांनी १९१६ मध्ये जर्मनीत ओल्डेनबुर्गला पहिली शाळा काढली होती. पुढे पोट्सडॅमलाही एक निघाली. तिथलं काम प्रत्यक्ष पाहून यूस्टिसबाईंनी १९२७ मध्ये एका अमेरिकन साप्ताहिकात लेख लिहिला आणि तो ऐकून फ्रँकने त्यांना पत्र पाठवलं. लेखाचा उपयोग एवढाच झाला. विद्या मात्र माणसांनी सोबत नेली, कारण ती कागदावर मावत नाही.

का मावत नाही, ते हार्नेसच्या ताठ दांड्याला हात घातला की कळतं. कुत्र्याची चाल मंदावली, खांदा किंचित वळला, पाऊल अडलं, हे सगळं त्या दांड्यातून मुठीत येतं. लोकांना वाटतं, कुत्र्याला पत्ता सांगितला की झालं. तसं नसतं. वाट माणसाला ठाऊक हवी; रहदारीचा कानोसा घेऊन ‘पुढे’ म्हणायचं तेही त्यानेच. हुकूम चुकला आणि गाडी अंगावर येत असली, तर कुत्र्याने तो मोडायचा. आज्ञा पाळायला शिकवणं त्या मानाने सोपं. ती नेमकी कधी मोडायची हे शिकवण्यात प्रशिक्षकाची कसोटी लागते. खाली झुकलेल्या फांदीचंही असंच. कुत्रा तिच्याखालून खुशाल जातो, मागच्या माणसाचं कपाळ फुटतं. म्हणून प्रशिक्षक थांबतो, फांदीवर थाप मारून दाखवतो, मागे फिरतो आणि पुन्हा चालतो. माणसाची उंची आणि रुंदी कुत्र्याने आपल्या अंगात धरावी, हे असं हळूहळू घडतं.

मग माणसाची पाळी. खरा कुत्रा हाती देण्याआधी प्रशिक्षक स्वतः हार्नेसचं पुढचं टोक धरतो आणि कुत्रा होतो. आंधळा शिष्य दांडा धरून त्याला हुकूम सोडतो. गुरूला रस्त्यावर ‘डावीकडे’, ‘शाबास’ म्हणायची ही सोय दुसऱ्या कुठल्या विद्येत असेल असं वाटत नाही.

नॅशव्हिलला जानेवारी १९२९ मध्ये ‘द सीइंग आय’ संस्था स्थापन झाली, तेव्हा कुत्री आणि माणसं शिकवायला स्वित्झर्लंडहून जॅक हम्फ्री आणि विल्यम डेबेटाझ हे प्रशिक्षक आले. हाच डेबेटाझ यूस्टिसबाईंनी पुढे इंग्लंडला पाठवला. लिव्हरपूलसमोर, मर्सी नदीपलीकडच्या वॉलसीत म्युरिएल क्रूक आणि रोझमंड बाँड या दोन बायकांनी हा उद्योग आरंभला होता. पैसा तुटपुंजा, आणि जागा म्हणजे भाड्याचं गॅरेज. कुत्री जर्मन शेफर्डच, पण इंग्रजांना युद्धापासून ‘जर्मन’ शब्दाचं इतकं वावडं की तिथे त्या जातीला ‘अल्सेशियन’ म्हणत. जर्मनांची विद्या, जर्मनांचं जनावर, शिकवणारा स्विस, पाठवणारी अमेरिकन. नाव तेवढं बदललं की इंग्रजांचं समाधान!

ऑक्टोबर १९३१ मध्ये जुडी, फ्लॅश, फॉली आणि मेटा या पहिल्या चार कुत्र्या आपापल्या माणसांबरोबर कामाला लागल्या. डेबेटाझ काही कायम राहणार नव्हता. १९३३ मध्ये झारच्या फौजेतले माजी अधिकारी कॅप्टन निकोलाय लियाखोफ कायमचे प्रशिक्षक म्हणून आले.

आज जगभरच्या अशा शाळांचा महासंघ आहे, १९८९ पासून. एका देशाचे प्रशिक्षक दुसऱ्या देशात जातात, बिस्किटाचं बक्षीस कधी द्यावं यावर वाद घालतात, परक्या पदपथांची सवय करून घेतात. पण यजमानांच्या कुत्र्याची पारख करायची वेळ आली की बोलणं थांबतं. पाहुणा डोळ्यांवर पट्टी बांधतो, अनोळखी दांडा डाव्या मुठीत घेतो आणि परक्या भाषेतला ‘पुढे’ हा शब्द जमेल तसा उच्चारतो.