थिन क्लायंट संगणकाची नेटवर्क जोडणी

कर्जत तालुक्यातील मिरजगाव हे नगर-सोलापूर रस्त्यावरील बाजाराचे गाव. अशा गावी भोवतालच्या खेड्यांतील शेतकरी बाजारहाटाबरोबर कागदपत्रांची कामेही उरकून घेतात. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा २०१८ पासून मिळू लागला, ई-पीक पाहणी २०२१ साली राज्यभर सुरू झाली आणि प्राथमिक कृषि पतपुरवठा संस्थांच्या संगणकीकरणास केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये मंजुरी दिली. त्यामुळे पीककर्ज व पीकविमा ही कामे आता संगणकावाचून होत नाहीत. विम्याच्या अखेरच्या दिवशी यंत्र अडून बसल्यास शेतकऱ्याचा दिवस तर बुडतोच, शिवाय हंगामाचे संरक्षणही हुकण्याचा संभव असतो. अशा वेळी पुष्कळदा यंत्र बिघडलेले नसते. त्यातील नेटवर्कच्या नोंदी तेवढ्या चुकलेल्या असतात. त्या कशा तपासाव्यात, हे प्रत्येक ग्रामस्तरीय कार्यकर्त्यास ठाऊक असणे हितावह आहे.

यंत्राचे स्वरूप

थिन क्लायंट म्हणजे पडदा व कळफलक जोडलेली लहानशी पेटी. तीत साठवण अल्प असते. खरे काम सर्व्हर नावाच्या मोठ्या संगणकावर होते व त्याचे चित्र केवळ पडद्यावर येते. म्हणूनच जोडणी तुटली की साध्या संगणकावर थोडेफार काम चालते, तसे येथे चालत नाही.

चार नोंदी

१. आयपी पत्ता : हा यंत्राचा गट क्रमांक समजावा. उदाहरणार्थ, १९२.१६८.१.२०. एका गावात एकच गट क्रमांक दोन जमिनींना नसतो, त्याप्रमाणे एका नेटवर्कमध्ये दोन यंत्रांना एकच पत्ता देऊ नये.

२. सबनेट मास्क : ही गावाची शीव होय. २५५.२५५.२५५.० अशी नोंद असल्यास ज्यांचे पहिले तीन आकडे सारखे, ती यंत्रे एकाच शिवेतील ठरतात.

३. गेटवे : ही गावाची वेस. शिवेबाहेर जाणारा प्रत्येक निरोप येथूनच जातो. हा पत्ता बहुधा राउटरचा असतो, जसे १९२.१६८.१.१.

४. डीएनएस : आठ-अ च्या उताऱ्यात खातेदाराच्या नावावरून त्याचे गट क्रमांक कळतात, तद्वत डीएनएस संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा पत्ता सांगतो.

यांखेरीज थिन क्लायंटला सर्व्हरचा पत्ता किंवा नाव स्वतंत्रपणे द्यावे लागते.

मांडणीची रीत

प्रथम जुन्या नोंदी वहीत उतरवून घ्याव्यात. नंतर नेटवर्कच्या पानावर डीएचसीपी हा पर्याय निवडावा. त्यायोगे राउटर चारही नोंदी आपोआप पुरवितो. व्यवस्थापकाने ठरावीक पत्ता दिला असल्यास मात्र तो हाताने, इंग्रजी आकड्यांत भरावा. राउटर १०० ते २०० हे क्रमांक आपण होऊन वाटत असेल, तर हाताने द्यावयाचा क्रमांक त्याबाहेरचा घ्यावा. अन्यथा दोन यंत्रांत तंटा उद्भवतो. शेवटी नोंदी जतन करून यंत्र पुन्हा सुरू करावे. काही यंत्रे जतन न केलेला बदल बंद होताच विसरतात.

दोष कसा शोधावा

शोध जवळून दूर, या क्रमाने घ्यावा. तारेच्या खोबणीजवळचा दिवा लागत नसल्यास तार किंवा तिची जोडणी सदोष आहे. दिवा लागूनही पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असल्यास राउटरने पत्ता दिलेला नाही, असे समजावे. पत्ता योग्य असेल तर गेटवेला पिंग करावे. उत्तर न आल्यास दोष कार्यालयातच आहे. उत्तर आले, परंतु बाहेरचे काहीच उघडत नसेल, तर इंटरनेट सेवा देणाऱ्यास कळवावे. पत्त्याने जोडणी होते व नावाने होत नाही, असे आढळल्यास डीएनएसची नोंद पाहावी. यंत्रातील तारीख व वेळही तपासावी. ती चुकीची असल्यास सुरक्षित संकेतस्थळे उघडण्यास नकार देतात.

दक्षता

प्रत्येक यंत्राच्या नोंदींचा कागद कार्यालयात जपून ठेवावा. परवलीचा शब्द मात्र त्यावर लिहू नये. तसेच विम्याची मुदत जवळ येण्यापूर्वीच, पेरणीच्या सुमारास, जोडणीची एकदा परीक्षा करून घ्यावी. पेरणीपूर्वी पाभर तपासून ठेवण्याची शेतकऱ्याची जी रीत, तीच या यंत्राच्या बाबतीतही पाळणे श्रेयस्कर आहे.