चूल, कुटुंब आणि नाते

जनगणनेचा प्रगणक दारी येऊन एका स्वयंपाकघरात जेवणारी माणसे किती, असे विचारतो, तेव्हा उत्तर चटकन मिळते. ‘तुमच्या कुटुंबात कोण कोण?’ असे विचारल्यास मात्र उत्तर लांबते. शहरात नोकरीस गेलेला भाऊ आणि सासरी नांदणारी बहीण यांचीही नावे त्यात येतात. दोन्ही उत्तरे खरीच असतात. कारण पहिला प्रश्न घराविषयीचा आहे आणि दुसरा कुटुंबाविषयीचा. हा भेद ध्यानी न घेतल्यास त्याची झळ बहुधा स्त्रियांना पोहोचते.

एकत्र कुटुंब

पुण्याच्या डेक्कन कॉलेजातील समाजशास्त्रज्ञ डॉ. इरावती कर्वे (१९०५–१९७०) यांनी भारतीय नातेसंस्थेवरील आपला ग्रंथ १९५३ साली प्रसिद्ध केला. एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता, सामाईक देवधर्म आणि परस्परांशी ठराविक नाते ही एकत्र कुटुंबाची लक्षणे त्यांनी सांगितली. यांपैकी चूल सर्वांत आधी वेगळी होते. तथापि चूल वेगळी झाली म्हणून कुटुंब तुटले असे होत नाही. जमीन सामाईक असते, कुलदैवत एकच असते आणि लग्नकार्यास सर्व एकत्र येतात.

विवाह आणि सोयरीक

नातेसंबंधांच्या दृष्टीने महाराष्ट्र हा उत्तर व दक्षिण यांना जोडणारा प्रदेश होय. उत्तर भारतात बऱ्याच समाजांत सोयरीक गावाबाहेर व रक्ताच्या नात्याबाहेर केली जाते. दक्षिणेत कित्येक समाजांत मामाभाचीचा विवाहही संमत आहे. महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी विवाह रूढ आहे. आतेबहिणीशी विवाह मात्र त्यांतील काही जातींत टाळला जातो. मामेबहीण पत्नी झाली, की तिची आत्याच तिची सासू होते. सासूला ‘आत्याबाई’ म्हणण्याच्या प्रघातात या रूढीची खूण दिसते. ज्या समाजांत देवक पाळले जाते, तेथे समान देवक असलेल्या घराण्यांत सोयरीक होत नाही.

हिंदू विवाह कायदा, १९५५ अन्वये मामे-आते भावंडांचा विवाह निषिद्ध नात्यांत मोडतो. परंतु दोन्ही पक्षांच्या रूढीस तो मान्य असल्यास वैध ठरतो.

भावकी आणि वारसा

एकाच मूळपुरुषाचे वंशज ती भावकी. विवाहाने जोडलेले ते सोयरे. मुलगी सासरी गेली, की तिची गणना पतीच्या भावकीत होऊ लागते. यावरूनच ‘ती आता परक्या घरची’ असा समज रूढ झाला. परंतु कूळ बदलले तरी जन्माचे नाते बदलत नाही.

कायद्यानेही हे तत्त्व क्रमाक्रमाने स्वीकारले. हिंदू वारसा कायदा, १९५६ ने पित्याच्या स्वतंत्र मिळकतीत मुलीस प्रथम वर्गाचा वारस मानले. महाराष्ट्राने १९९४ साली एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत मुलीस सहदायाद केले. तथापि त्यापूर्वी विवाह झालेल्या मुली वगळल्या गेल्या. दिनांक ९ सप्टेंबर २००५ पासून अमलात आलेल्या केंद्रीय दुरुस्तीने विवाहित-अविवाहित हा भेद नाहीसा केला. हा हक्क जन्मसिद्ध असून त्या दिवशी पिता हयात असणे आवश्यक नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी दिला. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर झालेल्या वाटण्या मात्र कायम राहतात.

नोंद घेताना

खातेदाराच्या मृत्यूनंतर गाव नमुना ६-क मध्ये वारसांची नोंद होते. ‘घरात कोण राहते’ एवढेच विचारून ही यादी केली, तर सासरी गेलेल्या मुली तिच्यातून गळतात. बहिणीने स्वेच्छेने हक्क सोडावयाचा असल्यास त्यासाठी नोंदणीकृत हक्कसोडपत्राचा मार्ग आहे. तिच्या मौनास संमती समजणे योग्य नव्हे.

शिधापत्रिका चुलीचा हिशेब ठेवते, वारसनोंद नात्याचा. पंचायत सदस्यांनी चौकशीच्या वेळी ‘मुली किती व कोठे दिल्या?’ हा एक प्रश्न आवर्जून विचारावा आणि शिक्षकांनी वंशावळ शिकविताना तिच्यात मुलींची नावे लिहावयास लावावीत. एवढ्याने अनेक बहिणींचा हक्क कागदावर शाबूत राहील.